व्याह्यांची जीप सरळच चालत होती

माझ्या व्याह्यांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे जन्मात दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत. पुण्यात टपाल खात्याच्या पार्सल विभागात माझी सगळी नोकरी गेली. लोक खोक्यांत घालून काय काय पाठवतात हे पाहिलेला माणूस सहसा दचकत नाही. पण मुलीच्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी मी हसतमुखाने यांच्या गळ्यात हार घातला, तर यांनी माझ्या उघड्या तोंडात डोकावून सनई-चौघड्याच्या आवाजावर सांगितलं, "इवाई, उजवीकडची खालची दाढ दाखवून घ्या. हलून राहिली ती." नागपूरकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि हे नागपूरचे दातांचे डॉक्टर आहेत, हे मला माहीत होतं. तरी मी हार हातातच धरून उभा राहिलो. दाढ खरोखरच हलत होती, हा आणखी एक धक्का.

पत्नी गेल्यावर मी मुलीकडे, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला राहायला आलो. व्याही आणि विहीणबाई आधीच दवाखाना विकून मुलाच्या जवळ, तिथल्या स्टेशनपाशी एका फ्लॅटमध्ये येऊन राहिले होते. माझी कल्पना अशी, की दोघे म्हातारे आता सकाळी फिरायला जाऊ, पेपर वाचू, हवेला नावं ठेवू. पहिल्याच आठवड्यात ते मला मेनूथच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या आवारात घेऊन गेले आणि गाईंच्या गोठ्याशेजारी उभी असलेली, आत पलंग, शेगडी आणि मोरी असलेली एक लांबलचक गाडी दाखवून म्हणाले, "हे आमचं मोटारहोम." मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नागपूरला मांजर पाळू देत नव्हते मला. पसारा होतो म्हणून." पुढच्या महिन्यात त्या मोटारहोमच्या मागे एक जुनी जीप आली. ती आधीच्या मालकाने उचलून उंच केलेली होती, चाकं ट्रॅक्टरला शोभतील अशी. आत चढायला मला स्टूल लागायचं. मी विचारलं, "डॉक्टर, इथे वाळवंट कुठे आहे?" तर केरीच्या बाजूला एक किनारा आहे, तिथे वाळूवर गाडी नेता येते, पण तिथपर्यंतच्या अरुंद रस्त्यांत मोटारहोम शिरत नाही, म्हणून मोटारहोम गावात उभं करायचं आणि मागून ओढत नेलेल्या जीपने समुद्रावर जायचं, असा बेत होता. मांजर सोडलं तर विहीणबाईंनी आयुष्यात एकदाच काहीतरी मागितलं होतं, वाळूवर बसून चहा. त्यांचे गुडघे वाळूत चालू देत नाहीत. एका चहासाठी हा माणूस दोन गाड्या घेऊन बसला होता.

अडचण एवढीच, की जीप सरळ येईना. मोटारहोमच्या मागे दांड्याने जोडलेली, चारही चाकांवर चालणारी, आत माणूस नसलेली ती जीप लग्नाच्या वरातीत मागे राहिलेल्या काकांसारखी डावीकडून उजवीकडे डुलत यायची. तिची ही खोड मोडणं हा व्याह्यांच्या आयुष्याचा एकच विषय झाला. मला त्यांनी मोटारहोमच्या मागच्या खिडकीशी, पट्टा लावून, उलट्या तोंडाने बसवलं आणि कामगिरी दिली. ते पुढून ओरडायचे, "इवाई, मागं कशी चालून राहिली?" आणि मी चाकांवर नजर ठेवून ओरडायचो, "डावीकडे! आता उजवीकडे! आता डोळे मिटले!" आधी त्यांनी टायरांत हवा वाढवली, कारण आधीच्या मालकाने वाळूसाठी ती फार कमी ठेवली होती. डुलणं थोडं कमी झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की जीप उंच असल्यामुळे जोडदांडा तिरका चढतोय. गवंड्याकडची पातळी आणून, तिच्यातला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत त्यांनी तो दांडा जमिनीला समांतर करून घेतला. आणखी थोडं कमी झालं. मग ते दवाखान्यातला छोटा गोल आरसा घेऊन जीपखाली गेले. मी वर बसून स्टिअरिंग किंचित इकडे-तिकडे हलवायचं आणि त्यांनी खालून सांधे तपासायचे. "हलवा... हळू... हा! सापडला. मुळापासून हललेला आहे." शेतकरी दारात उभा राहून हे बघत होता. एका माणसाला जीपच्या पोटात दातांचा आरसा घालताना पाहून तो मला म्हणाला, "युअर मॅन, इज ही ऑल राइट?" मी म्हणालो, "ग्रँड." इथे ग्रँड म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

सांधे बदलले तरी थोडी खोड उरलीच. तेव्हा व्याही मला एका सुपरमार्केटात घेऊन गेले आणि रिकामी ट्रॉली पुढे ढकलून म्हणाले, "चाकं पाहा. दांडी पुढं अन् चाक तिच्या मागं ओढलं जाऊन राहिलं ना? म्हणून ते आपोआप सरळ होते." मग तीच ट्रॉली त्यांनी उलटी ओढली. चाकं थरथरली आणि गर्रकन फिरली. "जीप उंच केली तेव्हा चाकाच्या दांडीचा हाच कोन बिघडला. तिच्या चाकांना आता सरळ व्हायचं सुचतच नाही." हे दाखवताना त्यांनी बिस्किटांच्या रांगेतून ट्रॉली इतक्या वेळा पुढे-मागे केली, की एका बाईंनी मुलाला जवळ ओढून घेतलं. मी शरमेने टोमॅटो निवडत राहिलो. पण त्यांचं निदान बरोबर होतं. गॅरेजमध्ये तो कोन परत मागे झुकवून घेतला, आणि आम्ही तिघे केरीला निघालो. ते गाडी चालवत होते, विहीणबाई शेजारी थर्मास घेऊन, आणि मी माझ्या जागी, उलट्या तोंडाने.

आता खरं ते सांगतो. पोर्टलीशपर्यंत सरळ मोठा रस्ता होता आणि जीप अगदी शहाण्यासारखी येत होती. विसाव्यासाठी आम्ही बाहेर वळलो तेव्हा उताराचं मोठं वळण लागलं, आणि इतके दिवस चाकांकडे पाहणाऱ्या माझी नजर पहिल्यांदा काचेतून आत गेली. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. आत कुणी नाही, आणि ते गोल फिरलं, थांबलं, परत उलटं फिरलं. मला वाटलं, हिची खोड मोडलेली नाही, वाढली आहे. पण सांगायचं कसं? मी मुलीकडचा. विहीणबाईंसमोर, इतक्या महिन्यांच्या मेहनतीनंतर, व्याह्यांना 'तुमचं चुकलं' म्हणायचं? ते दोघे चहा आणायला गेले आणि मी खिशातली सुतळी काढली. पुण्याहून येताना बॅगा बांधल्या होत्या तीच. ती नेहमी माझ्याजवळ असते. स्टिअरिंग मी सीटच्या लोखंडाला आडवं-उभं आवळून पक्कं बांधलं. व्याह्यांना कळायला नको आणि स्टिअरिंगही जागचं हलायला नको, असं दोन्ही साधल्याचं मला समाधान वाटलं. ते आले, जोडदांडा तपासला, दिवे पाहिले, आणि म्हणाले, "इवाई, सगळं ठीक?" मी अंगठा वर केला.

पुढच्याच राउंडअबाउटला, म्हणजे इथल्या गोल चौकात, मोटारहोम वळलं. जीप वळली नाही. ती सरळच निघाली. टायर किंचाळले, दांडा वाकला, मोटारहोमचं मागचं अंग माझ्यासकट फरफटलं, आणि जीप मधल्या फुलांच्या ताटव्याशेजारी आडवी होऊन थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण विहीणबाईंच्या हातातला चहा त्यांच्या मांडीवर होता आणि त्या रिकामा कप दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. ते मला अजून दिसतं. व्याही उतरून आधी जीपमध्ये चढले, थोड्या वेळाने उतरले, आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं, सुतळी तुटून पडली असेल. फोन गेल्यावर मुलगी आणि जावई घरून धावत आले. जावई रस्त्यातच म्हणाला, "बाबा, बास झाले तुमचे प्रयोग. आईचा जीव गेला असता." व्याही म्हणाले, "असेल बावा. माझंच काही चुकलं असेल." आणि मी, ज्याला तेव्हा फक्त तोंड उघडायचं होतं, फुलं बघत उभा राहिलो.

जीप विकली गेली. मोटारहोम सुरू करायची किल्ली जावयाच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात गेली. सगळे व्याह्यांशी सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागले. त्यांच्या डोक्याची तपासणी करायला नेलं, तिथे डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करत जा म्हटलं, तर यांनी त्यांनाच 'आ' करायला सांगितलं. घरी हे हसण्यावारी गेलं नाही, लक्षण ठरलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत 'डॉक्टरांची नाचणारी जीप' हा किस्सा दरवर्षी रंगायला लागला, आणि लाज वाटते सांगायला, मीही त्यात हसायचो.

व्याही मात्र बसने त्या आवारात जाऊन, किल्लीविना उभ्या मोटारहोममध्ये दुपारचा चहा करायचे. या वसंतात एकदा मी सोबत गेलो आणि कप हातात घेण्याआधीच सगळं सांगून टाकलं. ते उठले, वरचं प्रेस उघडलं (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तेही म्हणायला लागलेत) आणि सुतळीचं वेटोळं माझ्यापुढे ठेवलं. शेजारून कापलेलं, गाठ तशीच.

"दांडा वाकला, इवाई. तुमची गाठ नाही सुटली."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"अख्ख्या आयर्लंडात अशी गाठ दुसरं कोण बांधते?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सुनेच्या बापाला भर रस्त्यात उघडं पाडू?" मग कपात बघत म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला ती जीप नकोच होती. माझा कंटाळा आला असंल. तसं सांगायचं होतं ना बावा, बांधून काऊन ठेवली?"

इतकी वर्षं हा माणूस असं समजून माझ्यासोबत जेवत होता. मी घाईघाईने सांगितलं, कंटाळा नव्हे हो, भीती. स्टिअरिंग आपोआप फिरत होतं. ते एकदम ताठ बसले.

"फिरत होतं? वळणावर?"

"हो."

"अन् वळण संपल्यावर?"

"परत उलटं फिरलं."

"म्हणजे सरळ आलं?"

"हो. सरळ आलं."

"कुणी हात न लावता?"

"आत कोण होतं हात लावायला?"

त्यांनी कप खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "मग जमलं होतं, इवाई! तेच तं पाहिजे होतं! ट्रॉलीच्या चाकासारखं! जमलं होतं!" मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का हा. जीप बरी झाली होती, ते पाहणारा साक्षीदार मी एकटा होतो, आणि तिला बांधून ठेवून ती बातमीसुद्धा मी इतकी वर्षं डॉक्टरांना दिली नव्हती.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी मुलीला आणि जावयाला सगळं सांगितलं. मुलीने हातातला डाव खाली ठेवला. जावई उठला, कपाटातून किल्ली काढली, वडिलांच्या ताटाशेजारी ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. व्याही म्हणाले, "भाजी वाढ."

गेल्या महिन्यात आम्ही तिघे परत निघालो. जीप नाही, तेव्हा वाळूपर्यंत जाता येणार नाही. लांबून समुद्र दिसेल अशा एका धक्क्यावर चहा प्यायचा, असं विहीणबाईंनीच ठरवलं. सवयीने मी मागच्या खिडकीशी उलट्या तोंडाने बसलो होतो. पोर्टलीशचा तो राउंडअबाउट आला, व्याह्यांनी गाडी हळू केली, आरशात पाहिलं आणि पुढून ओरडले, "इवाई, मागं कशी चालून राहिली?"

मागे नुसता ओला रस्ता होता.

"सरळ, डॉक्टर," मी ओरडलो. "अगदी सरळ."