हात न देणारी बाळंतीण

जर्मनीत, बॉनच्या इस्पितळात मला पहिला मुलगा झाला. लढाई संपून दहाबारा वर्षं झाली होती. हे तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. मी चौथी पास.

दिवस भरत आले तेव्हा ह्यांनी वाचनालयात वाचलेली गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी एक डॉक्टर म्हणाला, तुम्ही प्रेतं कापता आणि तेच हात बाळंतिणींना लावता, म्हणून त्या तापानं मरतात. बाकीचे डॉक्टर चिडले. आमचे हात घाण? तो बिचारा वेड्यांच्या इस्पितळात मेला.

माझी थोरली बहीण बाळंतपणाच्या तापानंच गेली होती. ह्यांच्या ते ध्यानात नव्हतं.

"आता सगळ्यांना माहीत आहे गं."

"माहीत असून धुतात का, ते मी बघेन."

बाळ झालं. सकाळी मोठे प्रोफेसर फेरीला आले. जर्मन माणूस भेटला की आधी हात मिळवतो. पहिल्या खाटेवरची बाई तापानं फणफणली होती. तिचा हात हातात घेतला, मग माझ्या शेजारणीचा, मग तोच हात माझ्यापुढे. मी नमस्कार केला. त्यांना वाटलं, आमची रीत. तपासायला वाकले तेव्हा मी चादर गळ्यापर्यंत ओढली.

दुपारी हे आले, तर नर्सनं दारातच तक्रार केली.

"अगं, इथं हात न देणं म्हणजे अपमान!"

"देते की. म्हणावं, धुऊन या."

"प्रोफेसरांना सांगू असं?"

"गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना? नाहीतर मला घरी न्या."

ह्यांचे कान लाजेनं लाल झाले, पण प्रोफेसरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फेरीच्या मागून नर्स पाण्याचं भांडं आणि साबण घेऊन आली. प्रोफेसरांनी माझ्या खाटेशी हात धुतले आणि जेवायला बसणाऱ्या पोरासारखे उलटसुलट करून दाखवले. सगळ्या बायका हसल्या. शेजारीण सगळ्यात मोठ्यानं. मी हात दिला, तपासूही दिलं. शेजारणीनं मग त्या भांड्याकडे पाहिलं, प्रोफेसरांनी धुण्याआधी हातात घेतलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

मला ताप आला नाही. साबणामुळे की आपसूक, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी प्रोफेसर पहिल्या खाटेवरून शेजारणीकडे वळले. तिनं दोन्ही हात जोडले, अगदी माझ्यासारखे. मला चिडवायला की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण हात तिनं दिला नाही.