झुलत्या पुलावर एक जड, एक हलकं पाऊल

कोणी भूत पाहिलं म्हणालं, की आधी "जेवला होतास का?" असं विचारणारा मी माणूस. दिग्रसच्या माझ्या कापड दुकानात बसून मी कितीतरी भुतांची टिंगल केली आहे. आता माझी पाळी... हसा तुम्हीही.

यवतमाळजवळ एक निसर्ग उद्यान आहे. सागाच्या जंगलातून पायवाट आणि नाल्यावर झुलता पूल. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको मंदा तिथे गेलो होतो. मी ऐटीत पुढे, ती मागे. तिचा गुडघा दुखायचा, म्हणून तिचं एक पाऊल जड, एक हलकं. पुलाच्या मध्यावर ती अडली. मी मुद्दाम पूल हलवला... आहेच मी तसा.

"गजानन... थांबा न."

लग्नातला उखाणा सोडला, तर सत्तावीस वर्षांत तिने माझं नाव घेतलं नव्हतं. गणपतीच्या भजनात ते आलं, की नुसत्या टाळ्या वाजवायची. मी इतका खूश झालो, की वळलोच नाही.

"अजून एकदा घे, मंग येतो."

"राहा मंग तिकडंच," म्हणाली आणि माघारी गेली. दिग्रस येईपर्यंत एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. पुढच्या खेपेला हात धरून पार नेईन, असं मी कबूल केलं. ती खेप आलीच नाही. पावसाळ्यात ताप आला आणि आठ दिवसांत मंदा गेली.

यंदा एका रविवारी सकाळी मी एकटाच गेलो. पूल रिकामा होता. मी मध्य ओलांडला आणि मागे दूरवर एक फळी दबली. मग तिच्या पुढची. एक जड, एक हलकं... मी थांबलो, तर तेही थांबलं. मी वळलो नाही. अट माझीच होती ना — आधी नाव, मग वळणं.

पलीकडच्या पायवाटेने वळसा घालून चौकीदाराकडे आलो.

"रामदास, माझ्यामागं कोणाले सोडलं काय?"

"नाही जी. मी इथंच त आहो. काहून?"

"पूल हालत होता."

"हवा असन, काका."

सागाचं एकही पान हलत नव्हतं. आणि हवेचा गुडघा दुखतो का, तुम्हीच सांगा.

तेव्हापासून दर रविवारी पहिल्या एसटीने जातो. पावलं दर वेळी आणखी दोन-चार फळ्या जवळ येतात. मुलगी म्हणते, "बाबा, डॉक्टरले दाखवा." दाखवलं. डॉक्टर म्हणाले, चालणं चांगलं आहे. याहून जास्त उलगडा मला झालेला नाही.

परवा मात्र मी अट मागे घेतली. न वळता हात मागे धरला आणि म्हणालो, "नाव राहू दे. नुसती ये."

जड पाऊल अगदी मागच्या फळीवर पडलं.

हलकं अजून यायचं आहे.