गयाबाई, बारा पॉइंट काळा

शनिवारी दुपारी छापखान्याचा मालक इंद्रजित स्वतः स्कूटर घेऊन दारात आला, तेव्हा उकंडा वाठोरे ओसरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसला होता. इंद्रजितनं पिशवीतून गुळगुळीत कव्हराचं पुस्तक काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"काका, पहिली प्रत तुमची. उद्या दहा वाजता प्रेसमध्ये कार्यक्रम हाय. शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करायचाय. सत्यशीलाताईलेही आणा."

"बस की. च्या घे."

"नाई काका, मंडपवाला थांबलाय."

स्कूटर गेली. उकंडानं हात लुंगीला पुसले आणि पुस्तक आधी नाकाला लावलं. शाईचा वास आला नाही. असो, हल्लीच्या छपाईला तो नसतोच. मग त्यानं चष्मा चढवला आणि बारा पॉइंट काळ्या टाइपाचं पान शोधलं. पान होतं. अक्षरं होती, तीच होती, जाड कण्याची, त्याच्या बोटांनी सत्तावीस वर्षं उचललेली. पण ओळ भलतीच होती. 'पळसफुलांनी पेटलेलं रान.' आणि वर अक्षराचं नाव: 'पळस'.

त्यानं पान उलटलं. 'सागाच्या सावलीतला गाव.' पुढचं उलटलं. 'पैनगंगेचं संथ पाणी.' तिथं तो थांबला. त्या पाण्याचं कौतुक त्यालाच वाचायला दिलं होतं कोणीतरी, ऐटीत, चोवीस पॉइंटात.

आत सत्यशीला, त्याची मोठी लेक, भाकरी थापत होती. बापानं शेंगांचं सूप लाथेनं उडवल्याचा आवाज ऐकून ती पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं बाबा?"

"काढले. सारे काढले."

"कोनं काढले? काय काढले?"

त्यानं लेकीकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत त्यानं कोणाला सांगितलंच नव्हतं. हा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. पायात चपला अडकवून, पुस्तक काखेत मारून तो तसाच निघाला.

उकंडा सतरा वर्षांचा असताना उमरखेडच्या या छापखान्यात आला. आधी झाडलोट केली, मग खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकला. मालक सदाशिवराव, म्हणजे इंद्रजितचे आजोबा, माणूस तोंडाचा फाटका होता पण हाताखालच्या माणसाला शिकू देणारा होता. पुण्या-मुंबईच्या टाइप फाउंड्र्यांचे कॅटलॉग टपालानं यायचे, ते सदाशिवराव एकदा चाळून फेकायचे आणि उकंडा घरी न्यायचा. लोक सिनेमाला जात त्या वेळात तो कॅटलॉग बघत बसे. एकच 'क' दहा आकारांत, मुंगीएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत. वेलबुट्ट्या, किनारी, कलश, बोट दाखवणारे हात. एखाद्या अक्षराचं पोट कुठे फुगतं आणि पाय कुठे निमुळता होतो हे बघताना त्याला वाटायचं, इतक्या निगुतीनं कोणी काही घडवतं तर जग अगदीच वाया गेलेलं नाही. फक्त एक गोष्ट डाचायची. नमुन्याला जुळवलेल्या ओळी. एका कॅटलॉगात राजे, दुसऱ्यात देव, तिसऱ्यात कुणी रावबहादूर. पन्नास पानं अक्षरांची, आणि त्याच्या वस्तीत हाक मारली तर ओ देईल असं एकही नाव नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात पैनगंगेच्या काठच्या त्याच्या गावात हगवण आली. गावच्या विहिरीवर वस्तीला जाता येत नव्हतं. वस्ती नाल्यात खड्डा खणून झिरपलेलं पाणी प्यायची, आणि पुरानं ते नासलं. आठ दिवसांत नऊ माणसं गेली. उकंडाची आई गयाबाई, वय बेचाळीस. बहीण वेणू, वय अकरा. सखुबाई, पुंजाबाई, म्हातारा दगडू, आणखी चार. पूर ओसरल्यावर तो गावी पोचला तेव्हा वस्तीत रडायलाही कोणात जोर नव्हता. मृत्यूची नोंद मागायला गेला तर ग्रामसेवक म्हणाला, यांच्या जन्माचीच नोंद नाही, मग मेले असं कशावरून लिहू? वर हसला. ते हसू उकंडानं जन्मभर दाढेखाली धरलं.

तीन वर्षांनी सदाशिवराव त्याला म्हणाले, "अरे उकंडा, गिऱ्हाईक येते अन् इचारते, अक्षर कसं असन? आपल्याकडच्या टाइपाची एक नमुना-वही करून टाक. एका टाइपाले एक पान."

"ओळ काय लावू मालक?"

"काहीबी लाव. गिऱ्हाईक अक्षर पाह्यते, मजकूर थोडीच वाचते?"

म्हणून त्यानं ती नऊ माणसं लावली. योगायोगानं प्रेसमध्ये टाइपही नऊच होते. बारीक टाइपात खिळे भरपूर, तिथं पूर्ण नाव, गाव, वय, सगळं बसलं. मोठ्या टाइपात एकेका अक्षराचे दोन-दोनच खिळे असायचे, तिथं नुसतं नाव. सगळ्यात मोठा अठ्ठेचाळीस पॉइंट. त्यात लहान नाव हवं म्हणून तिथं वेणू आली. आयुष्यात ती कशातच मोठी झाली नव्हती, ती पानभर झाली.

पुढं जे झालं ते त्यानंही योजलं नव्हतं. गिऱ्हाइकं वही उलटत आणि बोट ठेवत. "हे द्या. हे गयाबाईचं." टाइपांची फाउंड्रीतली नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, ही बसली. वर्षभरात सदाशिवरावही म्हणू लागले, "पाटलाच्या पोराची पत्रिका सखुबाईत लाव, अन् नाव वेणूत घे, उठून दिसलं पाह्यजे." आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांतल्या लग्नाच्या पत्रिका, बारशाची कार्डं, निवडणुकीची पत्रकं त्या नऊ जणांच्या नावानं जुळली. ज्यांच्या विहिरीला वस्तीचा पोहरा चालला नाही, त्यांच्या लेकींची लग्नं गयाबाईत लागली. उकंडा खाली मान घालून खिळे उचलायचा. कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सांगितलं तर काढायला लावतील, ही भीती. आणि आत एक कडू सुखही होतं, ते वाटून घ्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षी पुण्याहून उर्वशी नावाची मुलगी आली. अक्षरांचं डिझाइन करणारी. तिनं वहीचं प्रत्येक पान फोटोत घेतलं, चार दिवस उकंडाजवळ बसून विचारून घेतलं, कोणता टाइप कधी आणला, कोणत्या अक्षराचा कान लवकर तुटतो, काना कमी पडला तर काय करायचे. पोरीला खरंच कळत होतं. ती सगळं विचारत होती, ती नावं सोडून. आणि तो सगळं सांगत होता, ती नावं सोडून. हे आता बाजारओळीतून भर उन्हात चालताना त्याला आठवत होतं, आणि तिच्याइतकाच स्वतःचा राग येत होता.

छापखान्याच्या दारात मंडपाचे बांबू पडले होते. आत फ्लेक्सचं मशीन कोपऱ्यात ढकललेलं. समोरच्या भिंतीवर जुन्या टाइपाच्या केसा, लाकडी खणांच्या त्या पेट्या, उभ्या ठोकून लावल्या होत्या, आणि खणांतले खिळे पडू नयेत म्हणून वरून पारदर्शक डिंक ओतला होता. माशी अडकावी तशी अक्षरं अडकली होती. टेबलावर पुस्तकांच्या दोनशे प्रती रचलेल्या. उर्वशी त्यांना रिबिनी बांधत होती. ती हसून उठली.

"या काका. आवडलं?"

उकंडानं पुस्तक टेबलावर आपटलं.

"ओळी कुठं हायेत माह्या?"

तिला कळायला वेळ लागला. "नमुन्याच्या ओळी? त्या बदलल्या आम्ही. फोटोची पानं जुनाट, डागाळलेली दिसत होती, म्हणून सगळी याच अक्षरांवरून केलेल्या नव्या फॉन्टमध्ये परत बसवली. आणि ती नुसती नावं होती ना काका, वय वगैरे लिहिलेलं, मतदारयादीसारखं वाटत होतं. म्हटलं, इथल्या मातीतलं काही घालावं."

"मातीतलंच होतं थे. मातीतच गाडलं हाय त्याइले."

मग त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, नऊच्या नऊ, नाव आणि वय, जसे पानांवर होते त्याच क्रमानं. आवाज चढत गेला तसे मंडपवाले दारात येऊन उभे राहिले. इंद्रजित मागच्या खोलीतून आला होता, तोही ऐकत होता.

उर्वशीनं हातातली रिबीन खाली ठेवली. "मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत आपण..."

"पुढची आवृत्ती कोनं पाह्यली? उद्या लोक हे नेतीन घरी. पळस म्हनतीन. अक्षराइले नावं होती. ह्या गावानं हाक मारलेली नावं होती."

"काका," इंद्रजित समजुतीच्या सुरात बोलला, "बरोबर हाय तुमचं. पण उद्याचा दिवस जाऊ द्या. पाहुणे येनार, आमदारसाहेब येनार. मेलेल्या मानसाइची यादी, हगवन, हे असं शुभ कार्यात... बरं दिसते का?"

उकंडा त्याच्याकडे वळला. आता त्याचा आवाज एकदम खाली आला, आणि तो जास्त वाईट होता.

"तुह्या बापाची लग्नपत्रिका कोनं लावली? म्या. मजकूर गयाबाईत, अन् नवरदेवाचं नाव वेणूत. तवा नाई झालं अशुभ? त्या लग्नातून तू झाला ना? तुह्या बारशाचं कार्ड पुंजाबाईत निंघालं. तुह्या आज्याची तेरवी दगडूत. आयुष्यभर तुमची सारी कार्यं माह्या मेलेल्याइनं पार पाडली, अन् आज ते तुले यादी झाले?"

दारातला एक मंडपवाला खोकला आणि बाहेर गेला.

उकंडा भिंतीजवळ गेला. बारा पॉइंट काळ्याच्या केसेत हात घातला. अंधारात डोळे मिटूनही त्याला 'ग'चा खण सापडला असता, सापडलाही. पण बोट काचेसारख्या डिंकावरून घसरलं. त्यानं नखानं ओरबाडलं, मग खिशातली किल्ली काढून खरवडलं. खिळा जागचा हलला नाही.

"कोनी केलं हे?"

"पडत होते काका," इंद्रजित म्हणाला. "शोसाठी."

उकंडानं किल्ली खिशात टाकली. मग येऊन खुर्ची ओढली, रचलेल्या गठ्ठ्यातली पहिली प्रत घेतली, तिची रिबीन तोडली आणि काउंटरवरचा बॉलपेन उचलला. 'पळस' या नावावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: गयाबाई वाठोरे, वय बेचाळीस. त्याचं हस्ताक्षर वाईट होतं. हजारो पत्रिका सुबक जुळवणाऱ्या माणसाला हातानं लिहायची वेळच कधी आली नव्हती. अक्षरं शाळेतल्या पोरासारखी वरखाली पडली.

"काका, पुस्तकं खराब होतीन," इंद्रजित म्हणाला.

"होऊ दे."

"दोनशे हायेत."

"मोजता येते मले."

इंद्रजित दोन पावलं पुढं आला, हात उचलला, पुस्तकाला लावला नाही, आणि कोणाला तरी फोन करायला बाहेर गेला. उकंडा पान उलटून दुसरं नाव लिहीत होता. सातव्या प्रतीला त्याचा अंगठा दुखायला लागला. बाविसाव्या प्रतीपर्यंत उर्वशी समोर उभी होती, मग तिनं पिशवीतून पेन काढलं, खुर्ची घेतली आणि एक प्रत ओढली. त्यानं तिला अडवलं नाही, बस म्हणालाही नाही. ती लिहायला लागली. तिचं अक्षर देखणं होतं, वळणदार, शेपट्या सोडलेलं. त्यानं ते उलट्या बाजूनं, टेबलापलीकडून वाचलं; खिळ्यांवरची अक्षरं उलटी वाचायची त्याला सवयच होती.

"नक्षी नको काढू," तो म्हणाला. "साधं लिव. अन् वेणूचं वय सोडलं तू. अकरा."

तिनं अकरा लिहिलं आणि पुढची प्रत घेतली.