दिवेलागणीचा खाकी

हवालदार दुकानात आला की ट्यूबलाइट लावायची नाही, हा त्याचा कायदा होता. यायचाही नेमका दिवेलागणीला. एकदा एका गिऱ्हाइकाने अंधारतंय म्हणून बटणाकडे हात नेला, तर हवालदाराने त्याचं मनगट असं पिरगाळलं की माणूस गुडघ्यांवर आला. "रंग बघतोय मी," एवढंच म्हणाला. ते गिऱ्हाईक परत फिरकलं नाही. हवालदार मात्र वर्षानुवर्षं येत राहिला.

माझं शिक्षण चौथी. नव्वद सालच्या सुमारास नवरा वारला आणि देवळाली कॅम्पातलं रंगांचं दुकान माझ्या गळ्यात आलं. डब्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण झाकणावरचा ओघळ बघून आत काय आहे ते कळायचं. फौजेतून निवृत्त झालेल्या ह्या हवालदाराला भिंती रंगवायच्या नसायच्या. तो बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक स्वतः साच्यात ओतायचा आणि चार केसांच्या कुंचल्याने रंगवायचा. मेहुणा जहाजावर होता, तो त्यासाठी परदेशी रंगांच्या बारक्या बाटल्या आणायचा. त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा हा माझ्याकडे आला. खिशात दोन सैनिक, एक हिरवा, एक खाकी.

"कुठल्याही कंपनीचा द्या, ताई. पण हाच रंग पाहिजे."

दुकानात एक पाट्या रंगवणारा बसला होता. तो हसला, "काय हवालदार, बाहुल्या का?" पुढच्या क्षणी त्याच्या नाकातून रक्त येत होतं. मीच त्याला कापूस दिला.

एका कंपनीचा एजंट आला होता. त्याने डबा दाखवला, म्हणाला, "साहेब, शेड तोच, फक्त कंपनी वेगळी." हवालदाराने सैनिक रंगवला, वाळू दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो डबा एजंटच्या डोक्यावर उपडा केला. वाळल्यावर तेलाचा रंग गडद होतो आणि चमकतो. सैनिक चमकून कसं चालेल? चमक मारायला मी खडूची पूड सुचवली. फसलेले सैनिक तो माझ्या उंबऱ्यावर ओळीत मांडायचा आणि हातोडीने एकेकाचं डोकं चेपायचा. शिसं मऊ असतं, आवाजही होत नाही. मग तेच वितळवून परत ओतायचा.

माणूस भयंकर होता, पण मला त्याचा आधार होता. बाई दुकान चालवते म्हणून गल्लीतला एक दादा पैसे मागायला यायचा. हवालदाराने त्याची बोटं शटरखाली धरली आणि शटर ओढलं. दादाला दवाखान्यात नेऊन परत आला आणि म्हणाला, "ताई, तो पिवळा काढा बरं परवाचा."

हे सगळं कशासाठी, ते त्याने मला टर्पेंटाइन मागावं तितक्या सरळ सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत त्याने संगिनीने तीन माणसं मारली. तिसरा आपला होता. वेळ तिन्हीसांजेची, खंदकात धूळ. समोरचे खाकीत, आपले हिरव्यात. बाजूने एक जण अंगावर आला, ह्याने बरगडीखाली संगीन खुपसली, शिकवल्याप्रमाणे फिरवली आणि उपसली. पडताना तो 'आई' म्हणाला, तेव्हा कळलं. इगतपुरीकडचा पोरगा. वर कळवलं ते शत्रूने मारला म्हणून, आणि घरच्यांनाही तेच गेलं.

"मला एवढंच बघायचंय," तो म्हणाला, "त्या उजेडात खाकी आणि हिरवा वेगळा ओळखू येतो का. येत नसला तर माझी चूक नाही. येत असला तर इगतपुरीला जाऊन सांगणार."

त्याच्याकडे कापडाच्या दोन चिंध्या होत्या. एक स्वतःच्या बाहीची, दुसरी त्याने मारलेल्या पहिल्या माणसाच्या बाहीची. तिच्यावरचा डाग काळा पडला होता. मी म्हटलं, "मग चिंध्याच बघा की संध्याकाळी."

"चिंधी अंगावर येत नाही, ताई. माणूस दिसला पाहिजे, डोक्यापासून पायापर्यंत. पेराएवढा सैनिक जरा लांब ठेवला की खरा माणूस दिसतो तेवढाच दिसतो."

म्हणून आम्ही त्या चिंध्यांना रंग जुळवत बसलो. पाटीवाल्यांचा, कापडावर काढायचा, शाळेच्या पोरांचा, गॅरेजात गाडीचे ओरखडे बुजवायचा. एका कंपनीचा हिरवा दुसरीच्या पिवळ्यात मिसळला की फाटायचा. शेवटी एकदाचे दोन्ही रंग जुळले. दिवेलागणीला त्याने सैनिक मांडले. हिरवा कुठला, खाकी कुठला, काही कळेना. सगळे मातकट. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच सैल झालेला बघितला. "एकसारखे दिसतात, ताई," असं तो दोनदा म्हणाला.

मी चिंध्या हातात घेतल्या होत्या. मला शिवणकाम येतं. "हवालदार," मी म्हटलं, "ही कापडं विटलीत. दोन्ही विटून एकाच रंगावर आलीत. शिवण उसवा आणि आतला रंग बघा."

"नही शे!" तो ओरडला. संताप अनावर झाला की सटाण्याकडची बोली बाहेर यायची. हातोडी काउंटरवर बसली, काच फुटली, एक तुकडा माझ्या तळव्यात घुसला. मी फडकं बांधलं आणि म्हटलं, "काच फोडून कापड नवं होत नाही."

महिनाभर तो आला नाही. आला तेव्हा शिवणी उसवलेल्या होत्या. आतला हिरवा चिंचेच्या पाल्यासारखा होता, खाकी वाळक्या गवतासारखा. त्याने चिंध्या काउंटरवर ठेवल्या. "पुन्हा काढा डबे," म्हणाला.

हिरवा गॅरेजातल्या रंगात काळा घालून साधला. खाकी मात्र कुठल्याच कंपनीकडे नव्हता. तो शेवटी माझ्या पोत्यातल्या पिवडीच्या पिवळ्या मातीतून आणि पोरांच्या पांढऱ्यातून निघाला. मग परसातल्या भिंतीवर त्याने सैनिक मांडले, मला लांब उभं केलं आणि स्वतः पाठ करून उभा राहिला.

"तुम्ही सांगा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

"डावीकडून तिसरा हिरवा. बाकीचे खाकी."

"नक्की?"

"नक्की. पण मी इथं निवांत उभी आहे, हवालदार. माझ्या अंगावर कोणी धावून येत नाहीये."

"तेवढं विचारलं नव्हतं, ताई."

सैनिक भिंतीवरच ठेवून तो गेला. शेजारचा किराणावाला मला म्हणाला, काय बिघडलं असतं खोटं बोलली असतीस तर? त्याला नसेल बिघडत. हवालदाराने मला खोटं बोलण्यासाठी उभं केलं नव्हतं.

दोन दिवसांनी एक गडी दुकानात आला. उजव्या हाताची बोटं सुजून फुटलेली. इगतपुरीचा, रेल्वेत नोकरीला, त्या मेलेल्या पोराचा धाकटा भाऊ.

"हवालदार दवाखान्यात आहेत. मीच आणून टाकलं."

"मारलं कोणी?"

"मीच. आधी हाताने, मग लाकडाने. सरळ उभा होता. जबडा मोडला, बरगड्या मोडल्या, पण हात वर केला नाही त्याने. हाणायचा तरी किती?" मग म्हणाला, "ते सांगत होते ते सैनिक दाखवा."

मी त्याला परसात नेलं. दिवेलागण झालीच होती. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

"मला तर काही फरक दिसत नाही," तो म्हणाला. "सगळे एकसारखेच. सांगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी पेजेचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. हवालदाराचा जबडा बांधलेला, एक डोळा बंद. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. त्याने दातांतून एकेक शब्द बाहेर काढला.

"तो काय काम करतो, माहितीये?"

"रेल्वेत आहे म्हणाला."

"इंजिन चालवतो. त्यांचे डोळे तपासतात, ताई. रंग चुकला तर खाली उतरवतात."

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मोडक्या बरगड्यांनी ते फार दुखत असणार. मी डबा ठेवला आणि निघाले. दुकान उघडायचं होतं.