पान एकाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर

“मॅडम, ते पुस्तक माझ्या आजोबांचं आहे. आणि त्यात माझे पणजोबा चोर नाहीत.”

फोनवरची मुलगी रडत नव्हती, भांडतही नव्हती. सुजाता तिचं नाव. सोलापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात एस.वाय.ला होती. त्या सकाळी वर्गात सरांनी प्रश्न दिला होता : लेखकाचे वडील चोरीकडे का वळले, ते लिहा.

मी तेव्हा वारज्यातल्या एका आयटी कंपनीत होते. वीस वर्षं लायब्ररीत काढून तिथे गेलेली, अख्ख्या मजल्यावर साडी नेसणारी मी एकटीच. कंपनीकडे जुन्या मराठी पुस्तकांचं ऑनलाइन आर्काइव्ह होतं, म्हणजे स्कॅन केलेल्या पुस्तकांचा साठा. प्राध्यापक यादी पाठवायचे : या पुस्तकाची अमुक पानं, त्याचं एक प्रकरण. लेखकांची परवानगी घेऊन मी ते उतारे त्यांच्या कोर्सपुरते एकत्र बांधायचे. त्याला आम्ही रीडर म्हणायचो. कॉलेज तो छापून मुलांना द्यायचं.

फोन ठेवून मी रीडर उघडला. यादीत पानं होती एकसष्ट ते अठ्ठ्याहत्तर. मी सिस्टिममध्ये तेच आकडे टाकले होते, आणि घोळ तिथेच होता. छापील पुस्तकात पान एक मजकुरापासून सुरू होतं, स्कॅनमध्ये मुखपृष्ठापासून. अर्पणपत्रिका, प्रस्तावना धरून आठ पानांचा फरक. त्यामुळे उतारा आठ पानं आधी सुरू झाला आणि आठ पानं आधीच संपला.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिलं आणि शेवटचं पान उघडून खालचा छापील आकडा बघायचा, हे नव्या मुलांना मीच शिकवायचे. या वेळी पहिल्या पानावर योगायोगाने नवं प्रकरण सुरू होत होतं, म्हणून मी आकडा पाहिला नाही. शेवटच्या पानावर पोलीस वडिलांना घेऊन जातात आणि आई पेटलेली चूल विझवते. तो शेवट मला फार आवडला. तिथेही आकडा पाहिला नाही.

गळलेल्या आठ पानांत खटला होता. कारखान्याच्या स्टोअरमधलं पितळ खरं कोणी नेलं ते सापडतं आणि कोर्ट वडिलांना निर्दोष सोडतं.

ऑनलाइन प्रत पाच मिनिटांत दुरुस्त झाली. आमचा मॅनेजर मिलिंद, माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणाला, “मॅडम, इश्यू क्लोज करा. छापील प्रतींचं पुढच्या सेमिस्टरला बघू.”

“त्या घराघरांत गेल्यात, मिलिंद. तिथे कसा क्लोज करू?”

दुसऱ्या दिवशी मी खडकीला गेले. सुजाताचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, निवृत्त मास्तर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. चूक माझी, असं मी सांगितलं. सिस्टिमवर ढकलायचा मोह झाला होता, पण त्या खोलीत जमलं नाही. ते बराच वेळ रीडर चाळत राहिले.

“वडिलांना कोर्टाने सोडलं,” ते म्हणाले. “लोकांनी सोडायला फार वर्षं लावली. त्या आठ पानांसाठी मी पुस्तक लिहिलं, बाई. बाकीची पानं तिथवर पोचायला.”

मला मान वर करवेना. परवानगीच्या कागदावर त्यांनी केलेली सुबक सही माझ्याच फायलीत होती.

लेखी माफी देऊ का, म्हणून विचारलं. त्यांना ती नको होती. ज्या वर्गात तो प्रश्न विचारला, त्याच वर्गात ती पानं मोठ्याने वाचली जावीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मिलिंद आधी कुरकुरला. मग त्याने पानं छापून घेतली आणि गठ्ठा घेऊन स्वतः माझ्याबरोबर त्या वर्गात आला. पानांची यादी आधीच्या प्राध्यापकांची होती, आपणही पूर्ण पुस्तक वाचलं नव्हतं, असं सरांनी मुलांसमोर कबूल केलं. आजोबा पहिल्या बाकावर काठी धरून बसले. सुजाता वाचू लागली. निकालाच्या ओळीवर तिचा आवाज अडला.

“वाच पुढे,” आजोबा म्हणाले.

ती शेवटपर्यंत वाचत गेली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सरांनी मुलांची उत्तरं न तपासता परत दिली आणि पुन्हा लिहायला सांगितली.

तेव्हापासून मी शेवटचं पान आधी उघडते आणि खालचा आकडा बघते. शेवट फारच आवडला, तर पुढचं पानही वाचते.