तट्ट्याची विहीर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा चिडतो. पिंपळावरची बाई, अमावास्येचा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही... अरे, कुणीच नाही, तर घाबरलात कशाला? माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा अंगारे, धुपारे, भगत, उतारे सगळं एका दिवसात घराबाहेर गेलं. माझी माय म्हणायची, "आता भुतायलेच आपलं भेव वाटत असन!"

तरीही लिहितोय. कारण मागे एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला हसत हसत विचारलं, "काय हो श्रावणराव, ती बादली तुम्ही आधीच भरून ठेवली होती ना?" माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न काही संपत नाही. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो. नंतर ज्याला हसायचं त्यानं हसावं.

जागा – बाळापूर तालुक्यातलं एक गाव. नाव देत नाही, माझी माणसं अजून तिथे राहतात. अकोल्याकडचा हा सगळा खारपाणपट्टा. म्हणजे जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि उन्हातून आलेल्या माणसाला ते प्यायल्यावर जास्तच तहान लागते. अशा गावात एखाद्या विहिरीला गोड पाणी असलं, तर ती विहीर म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. वेळ – भर दुपारची. साल साठ-एकसष्टच्या सुमाराचं, दिवाळीची सुट्टी.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होतो. होस्टेलवर पहिल्याच दिवशी मधुकर भेटला. बोलता बोलता कळलं की त्याचं आजोळ आणि माझं आजोळ एकच गाव. फरक इतकाच, की त्याचं गावाच्या मधोमध आणि माझं गावाबाहेर. तो हसून म्हणाला, "म्हंजे आपुन मावसभाऊच झालो का बे!" मला तो आवडला. खोटं कशाला बोलू, आवडण्यासारखाच होता.

रविवारी सकाळच्या खेळाला टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमे लागत. त्यात एक जुना, गाजलेला काऊबॉयचा सिनेमा आला. एका खोऱ्यातलं सगळं पाणी एका बड्या जमीनदाराच्या ताब्यात. घोड्यावरून एक अनोळखी माणूस येतो, जमीनदाराला पिस्तुलानं उडवतो आणि मावळत्या सूर्याकडे निघून जातो. बोलणं आम्हाला फारसं कळलं नाही, पण गोळ्या छान कळल्या. मधुकरनं तो इतक्यांदा पाहिला की हिरोसारखा चालायलाच लागला. म्हणे, "श्रावण, हाच सिनेमा आपुन मराठीत नाटक करून काढू. लिहिनार तू, हिरो मी."

सिनेमाच्या सुरुवातीला कादंबरीचं नाव यायचं. ती मला कॉलेजच्या लायब्ररीत सापडली. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली आणि माझं डोकंच फिरलं. कादंबरीतला हिरो सिनेमातल्यासारखा सोनेरी केसांचा नव्हताच! त्याची आई तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, आणि त्याला कुणी आपल्या भांड्याला हात लावू देत नव्हतं. शेवटी पिस्तूलबिस्तूल काही नाही. तो सगळ्यांदेखत जमीनदाराच्या विहिरीवर जातो, स्वतःच्या हातानं पाणी काढतो, तहानलेल्यांना पाजतो, आणि पाजता पाजता पाठीत गोळी खाऊन मरतो. सिनेमावाल्यांनी त्या माणसाला धुऊन गोरा केला होता आणि विहिरीच्या जागी पिस्तूल आणून ठेवलं होतं.

मी नाटक पुस्तकाप्रमाणे लिहिलं. मधुकरही "झकास!" म्हणाला. आम्ही बांबूच्या कामट्यांचा विणलेला तट्ट्या गोल वाकवून विहीर केली, वरून कागद चिकटवला, चुन्यानं आणि काजळीनं दगड रंगवले. कमरेएवढी उंच, आणि बूड नाही. नुसतं कडं. ते फळ्यांवर उभं करायचं, आत बादली सोडायची, ती फळीवर टेकली की वजन असल्याचा आव आणून वर ओढायची. बादली आणि दोर मात्र खरे होते.

पहिला प्रयोग आमच्या आजोळी ठरला, कारण मधुकरच्या मामांचं खळं मोठं होतं. गावात त्यांना सगळे मालक म्हणत. खळ्यात दगडमातीचा एक रुंद ओटा आयताच होता, त्यावर फळ्या टाकून स्टेज झालं. त्या खळ्यात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. गावात वीज नव्हती, म्हणून खेळ दुपारचा.

सकाळी तालीम चालू असताना मालक येऊन उभे राहिले. विहिरीचा सीन शेवटपर्यंत पाहिला. मधुकरला चहाला आत बोलावलं. तो बाहेर आला तो वेगळाच.

"श्रावण, इहिरीचा सीन काढून टाक. सिनेमात होतं तसंच पिस्तूल ठेवू."

"काहून? काल तर झकास होता."

"लोकायले फायटिंग पायजे बे. अन् मामायचं खळं हाये, त्यायच्या मनाविरुद्ध कसं करावं? तू उगीच भडकू नको. तट्ट्या राहू दे मांगं, शोभते."

शोभते! विहीर शोभेला ठेवायची, पाणी काढायला नाही. मी त्याला तोंडावर भित्रा म्हणालो. तो टिकल्यांचं पिस्तूल साफ करत राहिला.

दुपारी माय अकोल्याहून एसटीनं आली. तिच्या माहेरी माझं नाटक, म्हणून आली. हातात घरचं पाणी भरलेला, फिरकीच्या झाकणाचा नेहमीचा तांब्या. ती त्या गावचं पाणी पीत नसे, कुणाच्याही घरचं नाही, अगदी आमच्या मामाच्या घरचंही नाही. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो, पण खारट लागतं म्हणून असेल असं समजत होतो. स्टेज पाहिलं आणि ती खळ्याच्या तोंडाशीच थांबली.

"बाबू, इथंच काहून मांडलं?"

"ओटा आयता होता."

"थो ओटा नोहे. थे इहीर हाये. बुजवलेली."

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, आवाज न चढवता. गावातली गोड पाण्याची विहीर ती एवढीच. आमच्या बायकांनी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणी ओतलं तर न्यायचं. माय लहान असताना तिची माय तापानं फणफणली आणि गोड पाणी मागायला लागली. माय घागर घेऊन आली. दुपारची वेळ, सगळे झोपलेले. पाणी डोळ्यांपुढे, दोर डोळ्यांपुढे, पण हात लावायची सोय नाही. कुणीतरी उठून ओतेपर्यंत ती उभी राहिली. घरी पोचली तेव्हा पाणी मागणारी उरली नव्हती.

"तवापासून म्या ठरोलं. या गावचं पानी पीन तर त्याच इहिरीचं, अन् आपल्या मानसाच्या हातानं काढलेलं. छप्पनच्या बादमंदी आपले लोक बकेटा घेऊन गेलते. कायदा आला होता. मालकाले नाई म्हनता आलं नाई. चार दिवसांत गाड्यानं गोटे आनून इहीर बुजवून टाकली."

कायदा मोडला नाही, विहीर मोडली! अख्ख्या गावाला खारट पाण्यावर ठेवलं, स्वतःच्या भावकीला सुद्धा, पण आमचा हात त्या दोराला लागू दिला नाही. आणि त्याच दगडांवर आता आम्ही पाण्याचं नाटक करणार होतो, पाणी कापून.

खेळ सुरू झाला. मालक पुढे खुर्चीवर, आमची माणसं मागे भिंतीला. मी विंगेत प्रॉम्प्टर. मधुकर फेल्ट हॅट घालून आला, आत करवंट्या आपटून घोडा वाजवला, लोक खूश. मग फायटिंग झाली. टिकल्या फुटल्या. जखमी हिरो विहिरीला टेकून कोसळला आणि सिनेमातल्यासारखा पुकारू लागला, "पाणी... कुणीतरी पाणी द्या रे..." आता विंगेतून नायिका लोटा घेऊन येणार होती. मी समोर पाहिलं. माय भिंतीला टेकून बसली होती आणि तिनं दोन्ही कानांवर हात धरले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही खाली टाकली आणि सरळ स्टेजवर गेलो. ती बादली मी स्वतः, अख्ख्या खळ्यादेखत, पालथी करून दाखवली आणि तट्ट्याच्या आत सोडली.

बादली फळीवर टेकायला हवी होती. टेकली नाही. दोर हातातून सरसर जात राहिला. मी घाबरून पकड आवळली तरी जातच राहिला, शेवटची गाठ तळहाताला येऊन अडकली. आणि खालून आवाज आला. विहिरीत बादली पडल्यावर येतो तो. खेड्यात वाढलेल्या माणसाला तो ओळखायला शिकवावा लागत नाही.

ओढली. जड होती. दोर ओला होऊन वर येत होता. बादली काठोकाठ भरलेली.

माय उठली. माणसांमधून, मालकांच्या खुर्चीला लागून, सरळ स्टेजवर चढून आली. मी बादली कलती केली. तिनं ओंजळ धरली, प्यायली, पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"गोड हाये," ती म्हणाली.

मग तिनं फिरकीच्या तांब्यातलं अकोल्याचं पाणी ओतून दिलं आणि तो बादलीत बुडवला. मागून आमची माणसं उठू लागली. तेव्हा कुठे मालकांना कंठ फुटला. ते धावत वर आले, बादलीत बोटं बुडवून जिभेला लावली, आणि त्यांचं तोंड उतरलं. ओरडले, "हात नोका लावू! इहीर माही हाये!"

जखमी होऊन पडलेला मधुकर उठून बसला. "मामा," तो म्हणाला, "इहीर तट्ट्याची हाये."

मालकांनी लाथ घातली. कडं गडगडत गेलं. खाली फळ्या होत्या, एकमेकींना घट्ट लागलेल्या, कोरड्या, धुळीच्या. बादलीत मात्र अजून निम्मं पाणी होतं, आणि ते आमच्या माणसांनी त्यांच्यादेखत पिऊन संपवलं.

पुढे मालकांनी तो ओटा खणून काढला. गोड पाणी परत मिळेल या आशेनं. दगड निघाले आणि त्याखाली भेगाळलेली कोरडी माती. थेंब नाही.

मधुकर आजही म्हणतो की मी बादली आधी भरली होती. पालथी केलेली त्यानं पडल्या पडल्या दोन हातांवरून पाहिली होती. त्याला माहीत आहे. मला मालकांपेक्षा त्याचाच जास्त राग येतो. मी स्वतः फळ्या, भेगा, दोर सगळा विचार करून थकलो. माझ्याकडे उत्तर नाही, आणि नसताना आहे म्हणणार नाही.

मायच्या शेवटच्या आजारपणात मी तिला एकदा विचारलं होतं, "माय, थे पाणी कसं आलं असन वं?"

ती अशी काही चिडली, की अंथरुणात उठून बसली.

"कसं आलं म्हून काय इचारतं? पानी होतंच तिथं. थे बुजवलं काहून, थे इचार कोनाले तरी."