वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं

इनास गेल्याचं त्याची बायको मार्था हिने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सातिवलीतल्या आमच्या कारखान्यातच होते. हृदयविकाराचा झटका... राजोडीच्या घरून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तासाभरात मालकांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आमच्या कुटुंबातला माणूस गेला.’ महिना झाला, ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. त्याच माणसाला तुम्ही कामावरून काढलं होतं, साहेब!

आम्ही छोट्या इस्पितळांसाठी शस्त्रक्रियेची अवजारं वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रं बनवतो. त्यांचा प्रोग्राम इनास आणि मी लिहायचो. एकदा चाचणीत वीस मिनिटांचं काम यंत्राने अकरा मिनिटांतच ‘पूर्ण’ दाखवलं. इनास दोन दिवस जेवायलाही धड उठला नाही. शेवटी सापडलं. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करताना आम्ही यंत्रातलं घड्याळ बघत होतो, आणि मागे पडलेलं ते घड्याळ इंटरनेट मिळताच मधेच नऊ मिनिटं पुढे सरकलं होतं. त्या ओळी माझ्या होत्या. तो रागावला नाही. "किती वाजले ते या घड्याळाला विचार. किती वेळ गेला, ते नको विचारू," एवढंच म्हणाला. यंत्र चालू झाल्यापासून नुसती पुढेच जाणारी, कुणालाही बदलता न येणारी एक मोजणी आत असतेच. ती वापरायची. चार ओळींचं काम.

पण विकलेल्या यंत्रांचं काय? मालक म्हणाले, "परत बोलावली तर आपलं नाव जाईल. आजवर कुणाची तक्रार आलीय?"

"टाके घातलेल्या बाईला कसं कळणार, तिचा ताप आपल्या यंत्रामुळे आलाय ते?" इनास उभा राहून विचारत होता. मी टेबलाकडे बघत बसले. माझा राग मालकांवर आहे, तेवढाच त्या खाली घातलेल्या मानेवरही आहे.

मग दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो स्कूटरवरून एकेका इस्पितळात जायला लागला, प्रोग्राम बदलून द्यायला. मालकांना कळलं त्याच दिवशी त्याला काढलं. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर गेटवर त्याची बॅग उपसून तपासली. तरी त्याने एक रविवार चुकवला नाही.

राहिलेल्या इस्पितळांची नावं मी मार्थाकडून घेतली, आणि या वेळी मालकांना तोंडावर सांगून निघाले. नालासोपाऱ्यातल्या प्रसूतिगृहात पोचले तेव्हा काम पूर्ण झाल्याची यंत्राची शिट्टी वाजली, पण सिस्टरने त्याचं दार उघडलं नाही. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. यंत्रावर एक कागद चिकटवलेला होता, इनासने आधीच पाठवून ठेवलेला, त्याच्या तिरक्या अक्षरातला : ‘मी येईपर्यंत वेळ स्वतःच्या घड्याळात मोजा.’

प्रोग्राम बदलून झाल्यावर मी तो कागद काढायला गेले.

"राहू द्या मॅडम," सिस्टर म्हणाली. "ते येणार आहेत ना?"